कावासाकीचा ताप आणि लेकराच्या हृदयाचा स्नायू: टू डी इकोबद्दल आईबाप विचारतात ते प्रश्न

लेकराला कावासाकी आहे किंवा असावा असं डॉक्टर म्हणालेत, हातात इकोचा कागद आहे आणि त्यातलं काहीच लागत नाही, अशा मराठवाड्यातल्या आईबापांसाठी हे पान आहे. आम्ही लहान मुलांचे इको करतो. टेबलाशेजारी उभे असलेले आईबाप, काका, आज्या जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत. बहुतेकांना धमन्यांबद्दल कुणीतरी सांगितलेलं असतं, स्नायूबद्दल मात्र सहसा कुणी बोललेलं नसतं. म्हणून इथे स्नायूवर जरा जास्त लिहिलंय. औषधं काय द्यायची ते तुमचे डॉक्टरच ठरवतील.

कावासाकी म्हणजे नेमका काय आजार?

लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना येणारी सूज. तोमिसाकू कावासाकी नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये असा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांची माहिती छापली, त्यावरून हे नाव पडलं. बहुतेक मुलं ५ वर्षांच्या आतली असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांत थोडा जास्त दिसतो. कारण अजून सापडलेलं नाही. पण हा आजार एका लेकराचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, आणि गरोदरपणात आईनं काय खाल्लं याच्याशीही त्याचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण घरात बोल आईलाच लागतो.

आमच्याकडे सगळे गोवर म्हणत होते. ओळखायचं कसं?

गोवर, डेंग्यू, स्क्रब टायफस, घशाचा संसर्ग, औषधाची ॲलर्जी या सगळ्यांत ताप आणि पुरळ येतं, म्हणून गोंधळ होतो. कावासाकीत ताप ५ दिवस किंवा जास्त टिकतो आणि पॅरासिटामॉलने तात्पुरताच उतरतो. सोबत डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ लाल होऊन फुटलेले, जीभ लालभडक आणि दाणेदार. अंगावर पुरळ. हातापायाचे पंजे सुजलेले. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. या पाचांपैकी चार असली की निदान पक्कं धरतात. बोटांच्या टोकांची साल निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर थांबलात तर उशीर झाला.

आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगाची आहे. जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात, तिचा व्रण कावासाकीत कधी कधी लाल होऊन फुगतो. लेकराचा झबला काढून दंड बघा आणि डॉक्टरांनाही दाखवा. दुसरी खूण स्वभावाची: ही लेकरं फार किरकिरी होतात, कुणाच्याच कडेवर शांत राहत नाहीत.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र यातलं फारसं काही दिसत नाही आणि नेमकं त्यांचंच हृदय जास्त धोक्यात असतं. एवढ्या लहान बाळाला कारण न कळणारा ताप सात दिवस राहिला तर रक्ताच्या तपासण्या आणि इको करून घ्यावा.

आजार रक्तवाहिन्यांचा, मग हृदयाच्या स्नायूचा काय संबंध?

संबंध दोन वाटांनी येतो आणि दोन्हींची वेळ वेगळी असते.

पहिली वाट आजाराच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते. सूज धमन्यांपुरती राहत नाही. हृदयाच्या स्नायूच्या तंतूंमधल्या जागेतही पेशी आणि पाणी साचतं. याला मायोकार्डायटिस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तीव्र आजारातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हृदयात ही सूज सापडते, बाहेरून लक्षणं मात्र मोजक्यांनाच जाणवतात. दिलाशाची बाब अशी की यात तंतू मरण्यापेक्षा सुजतात जास्त. म्हणून उपचार झाला की बहुतेकांचं हृदय लवकर, बऱ्याचदा काही दिवसांतच, सावरतं.

दुसरी वाट उशिराची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमनीला फुगवटा आला, त्यात रक्ताची गुठळी झाली किंवा पुढे ती धमनी अरुंद झाली, तर तिच्यामागच्या स्नायूला रक्त कमी पडतं. हे नुकसान स्नायूच्या एका भागाचं असतं आणि ते भरून येईलच असं नाही. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी १५ ते २५ टक्क्यांत धमनीचा दोष राहतो. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन हे औषध) मिळालं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं.

म्हणजे इकोत दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात: आत्ता स्नायू सुजलाय का, आणि धमन्या कशा आहेत. बऱ्याच कागदांवर उत्तर फक्त दुसऱ्याचंच मिळतं.

इको म्हणजे सोनोग्राफीच ना? लेकराला किरणं लागतात का?

हो, हृदयाची सोनोग्राफीच. कानाला ऐकू न येणारा आवाज आत पाठवतात आणि त्याच्या पडसादातून चित्र बनतं. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखी किरणं यात नसतात, त्यामुळे महिन्यात चार वेळा केला तरी हरकत नाही.

जाता जाता: "डॉक्टर, मशीन घेऊन गावात या ना" असं लोक आपुलकीनं म्हणतात. सोनोग्राफीच्या यंत्रांवर १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची नोंदणी असते आणि ती ठरलेल्या जागेचीच असते. ते डिकीत टाकून फिरता येत नाही. मराठवाड्यात या कायद्याची गरज का पडली हे आपल्याला माहीतच आहे.

पहिला इको नॉर्मल आला. मग कावासाकी नाही असं समजायचं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. धमनीचा फुगवटा पहिल्या आठवड्यात सहसा दिसत नाही. तो हळूहळू वाढतो आणि चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात मोठा असतो. पाचव्या दिवशी धमन्या सरळ दिसल्या तर त्याचा अर्थ "अजून काही दिसत नाही" एवढाच.

स्नायूची सूज मात्र याच दिवसांत असते. लक्षणं अर्धवट असतील, पाचांपैकी दोन-तीनच असतील, तेव्हा अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत या बाबी धरल्या आहेत: हृदयाची ताकद कमी दिसणं, हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून रक्त मागं गळणं, हृदयाभोवती पाणी असणं आणि धमनी किंचित रुंद असणं. यातल्या तीन सापडल्या तरी इको कावासाकीच्या बाजूचा धरतात, फुगवटा असो वा नसो. म्हणून पहिल्या इकोला "कोरोनरी नॉर्मल" एवढीच ओळ लिहून दिली असेल तर स्नायू, झडप आणि पाण्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

कागदावर ईएफ ६० टक्के लिहिलंय. म्हणजे स्नायू ठणठणीत ना?

बहुधा ठीक. पण "ठणठणीत" म्हणायला तेवढा एक आकडा पुरत नाही.

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर गेलं त्याची टक्केवारी. ३० मिलिलिटर भरलं आणि १८ गेलं तर ६० टक्के. साधारण ५५च्या वर असलं की कागदावर नॉर्मल छापतात. यात तीन अडचणी आहेत.

एक, हा आकडा लेकराच्या त्या वेळच्या अवस्थेवर हलतो. ताप १०३ आहे, ठोके १६० आहेत, नुकतंच सलाईन चढलंय, लेकरू रडतंय, प्रत्येक वेळी आकडा थोडा वेगळा येईल.

दोन, तो कसा काढला यावर अवलंबून असतो. एकाच रेषेवर कप्प्याची रुंदी मोजून काढलेला ईएफ आणि दोन बाजूंनी कप्प्याची आतली कड आखून सिम्पसन पद्धतीनं काढलेला ईएफ यांत फरक पडतो. सुजलेल्या हृदयात दुसरी पद्धत जास्त भरवशाची.

तीन, आणि खरी गोम इथेच आहे. हृदयाचे तंतू एकाच दिशेनं जात नाहीत. आतल्या थरातले टोकापासून बुडापर्यंत लांबीनं धावतात, मधले गोल वेढा घालतात. आजारात आतले लांबट तंतू आधी थकतात आणि गोल तंतू त्यांची उणीव भरून काढतात. औताला जुंपलेल्या जोडीतला एक बैल लंगडत असला तरी दुसरा ओढून नेतो आणि संध्याकाळी रान नांगरून झालेलं दिसतं. ईएफ फक्त किती नांगरलं ते सांगतो. कोणता बैल लंगडतोय ते बघायला स्ट्रेन, म्हणजे स्नायूचं आखडणं, मोजावं लागतं.

शिवाय तुमच्या लेकराचा ईएफ निरोगीपणी किती होता हे कुणालाच माहीत नसतं. आजारात ५७ आणि सहा आठवड्यांनी ६७ आला तर दोन्ही कागद नॉर्मलच म्हणतील, पण शेजारी शेजारी ठेवले की कळतं, पहिल्या वेळी स्नायू दबलेला होता. लेकराच्या हृदयाची तुलना पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच्याच मागच्या इकोशी करणं जास्त सांगून जातं.

स्ट्रेन इको म्हणजे काय? आमच्या तालुक्याला होत नाही म्हणतात.

इकोच्या चित्रात हृदयाच्या भिंतीवर बारीक ठिपके दिसतात. ते त्या स्नायूच्या रचनेतूनच आलेले असतात. संगणक हे ठिपके ठोक्याभर पाठलाग करत धरतो आणि भिंतीचा तो तुकडा किती टक्के आखडला हे काढतो. लांबीचा एकूण आकडा, म्हणजे ग्लोबल लॉन्जिट्यूडिनल स्ट्रेन, निरोगी मुलात उणे २०च्या आसपास असतो. आखडणं म्हणजे लांबी कमी होणं, म्हणून उणे. उणे २१ चांगला, उणे १५ दबलेला. लोक इथे हमखास गडबडतात आणि उणे बघूनच घाबरतात.

पडद्यावर शेवटी एक गोल येतो, त्यात भिंतीचे सतरा तुकडे रंगवलेले असतात. सगळा गोल गडद लाल असला की बरं. एखादा तुकडा फिका गुलाबी झाला, त्याहून वाईट म्हणजे निळा झाला, की तिथला स्नायू नीट आखडत नाही. कावासाकीच्या पहिल्या आठवड्यात ईएफ सरळ असलेल्या मुलांतही हा स्ट्रेन कमी आलेला दिसतो आणि उपचारानंतर तो सुधारतो, असं अनेक ठिकाणच्या अभ्यासांत आढळलंय.

तरीही माझं मत स्पष्ट सांगते: स्ट्रेनसाठी उपचार अडवून धरू नका. कावासाकीचं निदान किंवा आयव्हीआयजीचा निर्णय स्ट्रेनवर ठरत नाही. ती जास्तीची माहिती आहे. मिळाली तर चांगलं, नाही मिळाली तर नीट केलेला साधा इको आणि ईसीजीची पट्टी यांवर काम चालतं. हृदयाच्या स्नायूला इजा किंवा ताण आहे का ते सांगणाऱ्या रक्तातल्या ट्रोपोनिन आणि प्रो-बीएनपी या तपासण्यांचीही मदत होते.

स्ट्रेन करायचाच असेल तर पुढचे इको शक्यतो त्याच यंत्रावर करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एका शहरात उणे २१ आणि दुसऱ्या शहरात उणे १८ आला म्हणजे लेकरू बिघडलंच असं नाही.

कागदावरच्या बाकीच्या अक्षरांचं काय?

एक नमुना घेऊ. लेकरू वर्षाचं, वजन १० किलो, उंची ८० सेंटिमीटर. कागदावर असं: "एलव्हीईएफ ५८ टक्के, नो आरडब्ल्यूएमए, ट्रिव्हियल एमआर, एलएडी २.१ मिमी, झेड अधिक १.७, नो पीई."

एलव्हीईएफ वर आलाच. "नो आरडब्ल्यूएमए" म्हणजे भिंतीचा कोणताही एक तुकडा बाकीच्यांपेक्षा सुस्त नाही. हे चांगलं. तुकडा सुस्त असता तर त्याची धमनी बंद पडलीय का हे आधी बघावं लागलं असतं. "ट्रिव्हियल एमआर" म्हणजे मायट्रल झडपेतून अगदी थोडं रक्त मागं येतं. निरोगी मुलांतही एवढं दिसू शकतं. पण कावासाकीत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तीव्र काळात झडप गळते आणि बहुतेकांची पुढे थांबते. "पीई" म्हणजे हृदयाभोवतीचं पाणी, ते नाही.

आता झेड. एलएडी ही डाव्या बाजूची मोठी कोरोनरी धमनी. नुसत्या मिलिमीटरला लहान मुलांत अर्थ नाही. ३ मिलिमीटरची एलएडी दहा वर्षांच्या मुलात चालून जाते, वर्षाच्या लेकरात तोच मध्यम फुगवटा ठरतो. म्हणून उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात (वरच्या लेकराचं ०.४७ चौरस मीटर येतं) आणि तेवढ्या आकाराच्या निरोगी मुलांच्या तुलनेत धमनी किती रुंद ते झेड सांगतो. २च्या आत नॉर्मल. २ ते २.५ किंचित रुंद. २.५ ते ५ लहान फुगवटा, ५ ते १० मध्यम. १० किंवा जास्त, अथवा ८ मिलिमीटर किंवा जास्त, तर महाकाय.

वरच्या लेकराचा झेड १.७ आहे, म्हणजे नॉर्मल. पण सहा आठवड्यांनी तो ०.५ झाला तर? तर ती धमनी आजारात सुजली होती हे मागाहून कळलं. झेड एकनं किंवा जास्त उतरला तर २०१७च्या सूचनांनुसारही तसंच धरतात.

हे सगळं गणित उंचीवर उभं आहे आणि आपल्याकडे इकोच्या खोलीत वजनकाटा असतो, उंची मोजायची पट्टी नसते. "उंची किती?" असं आईला विचारून अंदाजे आकडा टाकतात. तसं होऊ देऊ नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडे झोपवून उंची मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून न्या.

लेकराचे हातपाय गार पडले, बीपी उतरला. डेंग्यूचा शॉक म्हणाले, मग कावासाकी निघाला. असं कसं?

कावासाकीतही शॉक येतो, काही थोड्या मुलांत. पावसाळ्यानंतर आपल्या भागात तापाचं लेकरू गार पडलं की डेंग्यू आठवणारच, त्यात डॉक्टरांची चूक म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात दोन्ही सारखे दिसू शकतात. फरक हळूहळू कळतो: डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, कावासाकीत आठवड्यानंतर चढतात, साडेचार लाखांच्या वर जातात. कावासाकीच्या शॉकमध्ये मात्र सुरुवातीला त्या कमीही असू शकतात, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही.

इथे इकोची किंमत कळते. डेंग्यूत बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपलेलं असतं आणि सलाईन हवं असतं. कावासाकीच्या शॉकमध्ये स्नायूच सुस्त असू शकतो. अशा हृदयावर सलाईनवर सलाईन चढवलं तर ते फुफ्फुसात साचतं. म्हणून सलाईन देऊनही लेकरू सावरत नसेल, श्वास वाढत असेल, यकृत हाताला लागत असेल तर पलंगाजवळच प्रोब (इकोच्या यंत्राचा छातीवर टेकवायचा भाग) ठेवून डावा कप्पा कसा आखडतोय ते बघायला हवं. दोन मिनिटांत अंदाज येतो, सविस्तर मोजमाप नंतर करता येतं.

कोविडनंतर २०२०-२१ मध्ये मुलांत दिसलेला एमआयएस-सी हा आजार याच्याच जवळचा. त्यात मुलं वयानं थोडी मोठी होती आणि हृदयाची ताकद कमी होणं कावासाकीपेक्षा पुष्कळ जास्त दिसलं.

इको होईपर्यंत आयव्हीआयजी थांबवायचं का?

लक्षणांवरून निदान पक्कं असेल तर थांबायचं नाही. इकोची तारीख सोमवारची आहे म्हणून शुक्रवारचं औषध पुढं ढकललं, असं होऊ नये.

पण इको त्याच दिवशी होण्यासारखा असेल तर तो आधी केलेला बरा, आणि कारण स्नायूचंच आहे. आयव्हीआयजी किलोमागे २ ग्रॅम देतात. १२ किलोच्या लेकराला २४ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या पाच बाटल्या लागतात. औषध ५ टक्क्यांचं असेल तर हे जवळपास अर्धा लिटर द्रव होतं आणि ते साधारण १० ते १२ तासांत शिरेतून जातं. स्नायू सुस्त असेल तर डॉक्टर वेग कमी ठेवतात आणि लेकरावर जास्त बारीक नजर ठेवतात.

औषध संपल्यावर ३६ तासांनीही ताप असेल किंवा परत आला तर लगेच सांगा. १० ते २० टक्के मुलांत पहिला डोस पुरत नाही, पुढचे पर्याय असतात.

लेकरू इको करू देत नाही. झोपेचं औषध द्यावं का?

कावासाकीचं लेकरू किरकिरं असतंच आणि रडत्या छातीवर कोरोनरी दिसत नाही. पूर्ण इकोला अर्धा-पाऊण तास लागतो. बहुतेकदा काम भागतं ते असं: दूध पाजून आणा, आईनंच टेबलावर टेकून मांडीवर घ्यावं, खोलीतला पंखा कमी, जेली हातावर चोळून कोमट केलेली, बापानं समोर मोबाइल धरावा. प्रोब डाव्या स्तनाग्राच्या खाली टेकला की डावा कप्पा दिसतो, तिथून सुरुवात करतो. गळ्याजवळ आणि बरगडीखाली दाबावं लागतं ते शेवटी, कारण लेकरू तिथंच रडतं.

इतकं करूनही जमलं नाही तर तोंडावाटे द्यायचं झोपेचं औषध डॉक्टर वजनावर मोजून देतात. आधी किती तास पोट रिकामं ठेवायचं ते विचारून घ्या. स्नायू सुस्त असलेल्या लेकराला हे औषध घरी पाजून आणू नका. ते दवाखान्यात, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावूनच द्यायचं.

इको कितीदा करायचा?

सगळं सुरळीत असेल तर तीनदा: निदानाच्या वेळी, उपचारानंतर एक-दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी. पहिल्या इकोत स्नायू सुस्त असेल, धमनी रुंद असेल किंवा ताप हटत नसेल तर मधे जास्त वेळा, फुगवटा वाढत असेल तर आठवड्यातून दोनदासुद्धा. तिसरा इको बहुतेक घरं चुकवतात, कारण तोवर लेकरू अंगणात धावत असतं.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा आठवड्यांनी आम्ही कारखान्यावर असू.

बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या घरांचा हा अगदी खरा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास लेकरू आजारी पडलं आणि टोळी निघाली, तर पुढचे दोन्ही इको सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या फडात असताना येतात. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना लपवू नका, सरळ सांगा की आम्ही तोडणीला जातोय. मग ते दुसरा इको निघण्याआधी उरकता येईल का बघतील, तिसऱ्याची तारीख चिठ्ठीवर लिहून देतील आणि कारखान्याजवळच्या मोठ्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांच्या नावानं पत्र देतील. मुकादमाला तारीख आधीच सांगून ठेवा. उचल घेतलीय म्हणून एक दिवसाची सुट्टी मागता येत नाही, असं नाही.

सगळे कागद प्लास्टिकच्या एका पिशवीत ठेवा, कोपीत ओल लागते. आणि आजच मोबाइलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरच्या आणखी एकाला पाठवा. इको करणाऱ्यांकडून चित्रफितीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळाला तर उत्तमच. पुढच्या डॉक्टरांना आकड्यांपेक्षा हलतं चित्र जास्त कामाचं.

मराठवाड्यात इको कुठे करावा?

मोठ्यांचा इको आता जिल्ह्याच्या बहुतेक ठिकाणी होतो. लहान मुलांचा नीट व्हायला तीन बाबी लागतात: छोटा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब, झेड स्कोर काढायची सवय आणि वेळ. फोनवर एवढंच विचारा: "दोन वर्षांच्या मुलाच्या कोरोनरी मोजून झेड स्कोर द्याल का?" उत्तरावरून कळेल. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी आणि लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय इथे बालरोग विभाग आहेत, तिथून योग्य ठिकाणी पाठवतात. पुढची गरज पडली तर नांदेडकर हैदराबादला, लातूर-धाराशिवकर सोलापूर किंवा पुण्याला जातात. जवळ पडेल ते बघा, कारण तिथंच परत परत जायचंय. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

फुगवटा राहिला तर पुढे स्नायूला काय धोका?

लहान फुगवटे बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आकारानं पूर्ववत होतात. मोठ्यांमध्ये गुठळीची भीती असते, म्हणून ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारी आणखी औषधं लागतात. बाळ "छातीत दुखतं" म्हणत नाही. एकदम पांढरं पडणं, घाम, उलटी आणि कशानंही न थांबणारं रडणं दिसलं तर थेट मोठा दवाखाना गाठा.

मूल मोठं होतं तशी छाती जाड होते आणि इकोत धमन्यांचे लांबचे भाग दिसेनासे होतात. तेव्हा सीटी कोरोनरी अँजिओग्राफी करतात. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेनं भारतात यावर पुष्कळ काम केलंय. स्नायूला रक्त पुरतंय का ते बघायला हृदयाला पळवून केलेला स्ट्रेस इको किंवा एमआरआय असतो.

असे रक्तवाहिन्यांच्या सुजेचे दुसरे आजार असतात का?

असतात. पायावर जांभळे ठिपके, पोटदुखी आणि सांधेदुखी घेऊन येणारा आयजीए व्हॅस्क्युलायटिस लहान मुलांत बराच दिसतो. तो मूत्रपिंड धरतो, हृदय क्वचितच. टाकायासू मात्र लक्षात ठेवा. तो वाढत्या वयाच्या मुलींत जास्त असतो आणि महाधमनी व तिच्या फांद्या अरुंद करतो. बीपी चढून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, पुढे ताकद कमी होते. एका हाताची नाडी लागत नाही किंवा दोन हातांच्या बीपीत मोठा फरक येतो, अशा मुलीचा इको करावाच.

शेजारच्या मुलाला हृदयासाठी दर २१ दिवसांनी सुई लागते. आमच्या लेकरालाही लागेल का?

नाही. ती पेनिसिलिनची सुई संधिवाताच्या तापासाठी असते. तो आजार घशाच्या जंतूंमुळे येतो आणि झडपा खराब करतो. दोन्हींत इको करतात, एवढंच साम्य.

ॲस्पिरिन आणि लसींचं काय?

ताप गेल्यावर ॲस्पिरिनचा छोटा डोस साधारण सहा ते आठ आठवडे चालतो, शेवटचा इको पाहूनच बंद करतात. मनानं बंद करू नका. तापाला आयबुप्रोफेन देऊ नका, ते ॲस्पिरिनचं काम बिघडवतं. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आयव्हीआयजीनंतर गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढं ढकलतात. हे लसीच्या कार्डावर लिहून घ्या आणि आशाताईंना दाखवा. पोलिओचे थेंब थांबवायचे नसतात.

लेकराला पळू-खेळू द्यायचं का?

तिन्ही इको चांगले, स्नायू आणि धमन्या दोन्ही ठीक, तर सहा-आठ आठवड्यांनंतर सगळं खेळू द्या, कबड्डीसुद्धा. स्नायू अजून सावरलेला नसेल तर डॉक्टर सांगतील तोवर धावपळीचे खेळ नकोत. रक्त पातळ ठेवायची औषधं चालू असतील तर डोक्याला मार लागेल असे खेळ टाळा आणि शाळेच्या सरांना लेखी कळवा. आजार परत होण्याची शक्यता थोडी असते, जपानमध्ये सुमारे ३ टक्के. म्हणून पुन्हा पाच दिवसांचा ताप आला तर पहिल्या भेटीतच "याला कावासाकी होऊन गेलाय" हे सांगायचं आणि जुने इको पुढे ठेवायचे.